गाडीखालचा पत्रा आणि पुढचा लोखंडी बंपर: ऑफ-रोडसाठी नेमकं काय बसवावं, काय नाही?

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या कच्च्या रस्त्यावर एसयूव्ही अडकते तेव्हा ती बहुतेक वेळा पुढून कशावर आदळलेली नसते. ती खालून घासलेली असते. गवतात दडलेला दगड, ट्रॅक्टरच्या चाकोरीमधला उंचवटा, ओढ्यात पाण्याखाली न दिसलेली कपार, यांचा मार गाडीच्या पोटाला बसतो. तरीही ऑफ-रोडसाठी गाडी ‘तयार’ करायची म्हटलं की पहिला खर्च होतो तो समोरच्या दणकट लोखंडी बंपरवर. तो दिसतो, फोटोत उठून येतो. खालचा पत्रा कुणालाच दिसत नाही.

थार, जिम्नी, स्कॉर्पिओ यांसारख्या गाड्यांमुळे गेल्या काही वर्षांत बाहेरून बसवायच्या या सामानाचा बाजार चांगलाच वाढला आहे. गोव्यात २०१४ पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांचे व्हिडिओ पाहून तशीच गाडी आपलीही असावी असं अनेकांना वाटतं. पण स्पर्धेची गाडी बंद मार्गावर धावते, आणि घरची गाडी सोमवारी पुन्हा मुलांना शाळेत सोडायला निघते. हा फरक विसरला तर पैसे तर जातातच, शिवाय एअरबॅगसारखी जीव वाचवणारी यंत्रणाही बिघडू शकते.

गाडीच्या पोटाखाली असतं काय?

सगळ्यात पुढे रेडिएटरचा खालचा भाग. त्याच्या मागे इंजिनचं ऑइल साठवणारी टाकी, जिला गॅरेजमध्ये सरळ ‘चेंबर’ म्हणतात. मग गिअरबॉक्स, आणि फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्सफर केस. शेवटी पेट्रोल किंवा डिझेलची टाकी. चेंबर अनेकदा पातळ पत्र्याचं किंवा ओतीव अॅल्युमिनियमचं असतं. पत्रा चेपतो, ओतीव अॅल्युमिनियम तडकतं. तडा गेला की ऑइल वाहून जातं, ऑइलचा लाल दिवा लागतो, आणि तशीच गाडी रेटली तर काही मिनिटांत इंजिन जाम होतं. हजार-दोन हजारांचं नुकसान लाखावर जातं ते या काही मिनिटांत.

कंपनी बहुतेक गाड्यांना खालून एक आवरण देते. मात्र ते बऱ्याचदा प्लॅस्टिकचं किंवा पातळ पत्र्याचं असतं. चिखल, पाणी आणि उडणारी खडी अडवायला आणि हवेचा प्रवाह सुरळीत ठेवायला ते पुरतं, पण दीड-दोन टनांची गाडी दगडावर टेकली तर तो भार पेलणं त्याचं काम नाही. हे काम स्किड प्लेटचं. तिचं तत्त्व नावातच आहे: दगडाला थांबवायचं नाही, त्याच्यावरून घसरत निघून जायचं.

लोखंड की अॅल्युमिनियम?

दुकानात विचारलं तर ‘जाड पत्रा म्हणजे भारी पत्रा’ एवढंच उत्तर मिळतं. थोडा हिशेब केला तर चित्र वेगळं दिसतं. एक चौरस मीटर आकाराचा ३ मिमी पोलादी पत्रा साधारण साडेतेवीस किलो भरतो आणि ४ मिमीचा एकतीस किलोंच्या वर. तेवढाच अॅल्युमिनियमचा ६ मिमी पत्रा सोळा किलोंच्या आसपास. अॅल्युमिनियम पोलादाच्या तुलनेत मऊ खरं, पण पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ६ मिमी अॅल्युमिनियम हे ४ मिमी पोलादापेक्षा किंचित जास्तच ताठ भरतं, आणि तेही जवळपास निम्म्या वजनात.

मग सगळेच अॅल्युमिनियम का वापरत नाहीत? एक तर किंमत. दुसरं म्हणजे दगडावर घासताना पोलाद चांगलं सरकतं. अॅल्युमिनियम मऊ असल्याने दगडाची धार त्यात रुतते, चर पडतात आणि गाडी अडखळते. खडकाळ वाटेवर सतत पोट टेकवत जाणाऱ्याला पोलाद बरं. वर्षातून चार-पाच सहली, वाटेत माती आणि थोडे दगड, एवढाच वापर असेल तर अॅल्युमिनियम पुष्कळ झालं. प्लॅस्टिकच्या जाड पाट्याही मिळतात आणि त्या सगळ्यांत उत्तम घसरतात, पण साधारण १३० अंशांच्या पुढे त्या वितळू लागतात. सायलेन्सरच्या नळीजवळ त्यांना जागा नाही.

कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पोलादी चासीला अॅल्युमिनियमची प्लेट थेट चिकटली आणि मध्ये खारं पाणी साचलं की सांध्यापाशी अॅल्युमिनियम झपाट्याने झिजतं. म्हणून दोन्ही धातूंच्या मध्ये रबर किंवा नायलॉनचे वॉशर घालतात. बसवणाऱ्याला हे ठाऊक आहे की नाही, एवढ्या एका प्रश्नावरून त्याची पारख होते.

बसवताना काय पाहायचं?

काम वरवर सोपं दिसतं: गाडी वर घ्यायची, जुनं आवरण काढायचं, नवी प्लेट बोल्टने कसायची. घरी करणारेही आहेत. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. सपाट, पक्क्या जमिनीवर चासीखाली घोड्या लावून, चाकांना अडण देऊन, गाडी हलवून पाहिल्यावरच खाली शिरावं. सायलेन्सर पूर्ण गार झालेला असावा.

पहिला प्रश्न येतो बोल्ट कुठे बसणार हा. चांगली प्लेट कंपनीने चासीत आधीच दिलेल्या भोकांवर आणि नटांवर बसते. ‘दोन भोकं नवीन पाडू’ किंवा ‘चार ठिकाणी टाके मारून देतो’ असं गॅरेजवाला म्हणाला तर तिथेच थांबलेलं बरं. चासीच्या पोलादाची ताकद ठरावीक प्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागी ती बदलते, वरचा गंजरोधक थर जळतो आणि दोन पावसाळ्यांत तिथूनच गंज आत शिरतो. शिवाय वेल्डिंगचा करंट गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधून फिरण्याची भीती वेगळी.

थार, जिम्नी, स्कॉर्पिओ या शिडीसारख्या वेगळ्या चासीवर उभ्या आहेत, म्हणून प्लेट टांगायला त्यांना भक्कम जागा मिळते. डस्टर, क्रेटा, ब्रेझासारख्या गाड्यांना अशी वेगळी चासी नाही, त्यांची बॉडी हाच सांगाडा. तिथे प्लेटचा भार इंजिनखालच्या सबफ्रेमवरच यायला हवा. पातळ फ्लोअरच्या पत्र्यात बोल्ट घातला तर पहिल्याच दगडाला तो पत्रा फाटून वर येतो.

दोन-तीन तुकड्यांची प्लेट असेल तर सांधे कसे आहेत ते वाकून पाहावं. कौलारू छपरावर वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर येते, म्हणून पाणी आत न शिरता ओघळून जातं. इथे पाण्याच्या जागी दगड आहे आणि तो पुढून मागे सरकतो. म्हणून पुढच्या प्लेटची मागची कड नेहमी मागच्या प्लेटच्या खाली यायला हवी. उलटं बसवलं तर मागच्या प्लेटची धार फावड्यासारखी दगडात अडकते.

प्लेट आणि चेंबर यांच्यात मोकळी जागा हवी, कारण मार बसल्यावर प्लेट थोडी वर दबणारच. प्लेट चेंबरला जवळजवळ चिकटलेली असेल तर तो मार जसाच्या तसा आत पोचतो. पण फार खाली टांगली तर गाडीची जमिनीपासूनची उंचीच कमी होते. कंपनीच्या आकड्यांनुसार थारची ही उंची २२६ मिमी आहे आणि जिम्नीची २१०. त्यातले तीस-चाळीस मिमी प्लेटनेच खाल्ले तर बसवून मिळवलं काय?

बोल्टची डोकी प्लेटच्या पातळीच्या वर किंवा खोबणीत बसलेली असावीत, नाहीतर दगडावर घासून ती गोल होतात आणि पुढच्या वेळी पाना धरतच नाही. सगळे बोल्ट आधी हाताने अर्धे लावून घ्यायचे, प्लेट सरळ आहे ना ते पाहायचं आणि मग एकेक कसायचा. न्यूमॅटिक गनने पहिल्यापासून ताणलं तर चासीतला नट आडवा धरतो किंवा आतल्या आत फिरू लागतो. तो नट चासीच्या पोकळीत असेल तर पुढे कापाकापीशिवाय गत्यंतर नाही. प्लेटसोबत आलेल्या कागदावर टॉर्क लिहिलेला असतो, तेवढाच टॉर्क रेंचने द्यावा. तो कागदच नसेल तर ती प्लेट कुणी नीट तपासून बनवलेली नाही असं समजायला हरकत नाही.

आणि भोकं. ऑइल सोडायचा नट जिथे आहे तिथे प्लेटला खिडकी हवी, म्हणजे दर सर्व्हिसला सगळी प्लेट उतरवावी लागत नाही. चिखल-पाणी निघून जायला वेगळ्या फटी हव्यात. हवा खेळायला वाट न ठेवता खालचं पोट पूर्ण बंद केलेल्या प्लेटा ‘फुल प्रोटेक्शन’ म्हणून विकल्या जातात, पण गिअरबॉक्स आणि इंजिनची बरीच उष्णता खालून निघत असते. बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला साफ करताना आतलं तापमान सहाशे अंशांच्या घरात नेतो. त्याच्याखाली बंद पत्रा आणि त्या पत्र्यावर साचलेलं वाळकं गवत असेल तर आग लागायला आणखी काही लागत नाही. म्हणून एक्झॉस्टच्या नळीखाली प्लेट अखंड नको आणि माळरानातून आल्यावर वरचं गवत काढलंच पाहिजे.

आता पुढचा बंपर

लोखंडी बंपरचे फायदे खोटे नाहीत. कंपनीचा प्लॅस्टिक बंपर पुढे आणि खाली पसरलेला असतो, तर ऑफ-रोड बंपर अरुंद आणि वर कापलेला. त्यामुळे उभ्या चढाला भिडताना नाक घासत नाही. विंच बसवायला जागा मिळते, अडकलेली गाडी ओढायला भक्कम हुक मिळतो. पण प्रत्येक गाडीला याची गरज असते का? थारचा पुढचा कोन कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ४१.८ अंश, जिम्नीचा ३६. सुटीच्या दिवशी डोंगरात जाणाऱ्याच्या वाटेला याहून उभे चढ क्वचितच येतात.

बंपर म्हणून आपल्याला दिसतं ते नुसतं आवरण. खरं काम त्याच्या मागे चालतं. आवरणामागे बऱ्याच गाड्यांत फोम, त्यामागे आडवा बीम, आणि बीम व चासी यांच्यामध्ये दोन बाजूंना दोन डबे असतात, ज्यांना क्रॅश कॅन म्हणतात. धडकेत हे डबे अॅकॉर्डियनच्या भात्यासारखे चुरगळतात. त्या चुरगळण्यात धडकेची बरीच ऊर्जा जिरते आणि आतल्या माणसाला बसणारा हिसका कमी होतो. धडक किती तीव्र आहे हे गाडी किती झपाट्याने थांबतेय त्यावरून सेन्सर ओळखतात, आणि एअरबॅग उघडायची की नाही हा निर्णय सेकंदाच्या काही शतांशांत होतो. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

हा सगळा हिशेब कंपनीच्या बंपरवर बसवलेला आहे. त्याच्या जागी चासीला थेट कसलेला लोखंडी बंपर आला की चुरगळण्यासारखं काही उरत नाही. मग पार्किंगमध्ये भिंतीला टेकल्यावर एअरबॅग उघडू शकते. किंवा, जे जास्त भयंकर आहे, खऱ्या अपघातात ती क्षणभर उशिरा उघडते आणि तोवर डोकं स्टीअरिंगपाशी पोचलेलं असतं. ग्लोबल एनकॅपने २०२० मध्ये थारला चार तारे दिले, ताशी ६४ किमी वेगाने धडकवून. ते तारे मूळ बंपरसह तपासलेल्या गाडीचे होते. बंपर बदललेल्या गाडीला किती तारे, हे कुणीच तपासलेलं नसतं.

एखादा बंपर बसवताना ‘आतले हे डबे कापावे लागतील’ असं सांगितलं तर त्यापुढे विचार करण्यासारखं काही राहत नाही. ‘एअरबॅगला चालतो’ असं पाटीवर लिहिलेलं असलं तरी विचारायचं एवढंच, कुठल्या गाडीवर आणि कुठे चाचणी झाली. ऑस्ट्रेलियात कांगारूंमुळे पुढचे बार सर्रास दिसतात, पण तिथे त्यांच्यासाठी स्वतंत्र मानकं आहेत आणि नावाजलेले उत्पादक एकेका मॉडेलवर धडक चाचण्या करतात. युरोपने २००५ मध्ये पादचाऱ्याला होणाऱ्या इजेच्या चाचण्या या बारांना लागू केल्या. आपल्याकडे वेल्डिंगच्या दुकानात पाइप वाकवून बनवलेल्या बारला यातलं काहीच लागू केलेलं नसतं.

पादचारी हा शब्द इथे महत्त्वाचा. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला मूळ बंपर लागला तर प्लॅस्टिक आणि फोम दबतात, बॉनेटही थोडं आत जातं. लोखंडी नळी दबत नाही. आणि एसयूव्हीची ती नळी मोठ्या माणसाच्या मांडीच्या, कमरेच्या उंचीवर असते. शाळकरी मुलाच्या बाबतीत ती छातीवर किंवा डोक्यावर येते. शहरात अनेक जण हा बार रिक्षा आणि दुचाकींच्या घासण्यापासून रंग वाचवायला लावतात, हे तर आणखीच विचित्र.

नव्या गाड्यांत आणखी एक अडचण. पुढच्या गाडीशी अंतर ठेवणारा किंवा आपोआप ब्रेक लावणारा रडार पुढच्या जाळीत किंवा बंपरमागे असतो. त्याच्या लहरी प्लॅस्टिकमधून जातात, लोखंडातून नाही. पार्किंग सेन्सरचंही तसंच. डिझेल गाडीत इंटरकूलर आणि रेडिएटरला मिळणारी हवा जाड बारमुळे अडली की घाटात काटा वर चढतो, ते निराळंच.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार लावलेल्या वाहनांवर कारवाई करायला सांगितलं. आधार होता मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: नोंदणीत आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलात तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाचा अर्थ लावताना मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

बंपरच्या बाबतीत म्हणून संभ्रम फारसा नाही, ‘सगळेच लावतात’ हा बचाव सोडला तर. स्किड प्लेट गाडीच्या पुढच्या संरक्षक रचनेला हात लावत नाही आणि अनेक कंपन्या ती स्वतःच्या अॅक्सेसरीच्या यादीत देतात. तुमच्या मॉडेलला ती यादीत असेल तर तीच घेणं सगळ्यात बिनघोर, कारण वॉरंटीचा वादही निघत नाही. बाहेरून घेतली तर पावती जपून ठेवावी आणि पॉलिसीत अॅक्सेसरी म्हणून तिची नोंद करून घ्यावी. अपघातानंतर सर्व्हेअर गाडी पाहतो तेव्हा न कळवलेले बदल त्याला लगेच दिसतात, आणि गाडीच्या नुकसानीचा दावा तिथेच अडकतो.

वजनाचा हिशेब

हा भाग बहुतेक जण करतच नाहीत. जिम्नीच्या वरच्या ऑटोमॅटिक मॉडेलचं रिकामं वजन १२१० किलो, आणि माणसं-सामानासकट जास्तीत जास्त १५४५ किलो. म्हणजे एकूण ३३५ किलो हाताशी. सत्तर किलोंची चार माणसं बसली की २८० गेले, उरले ५५. त्यात तंबू, पाणी, स्वयंपाकाचं सामान. एक पोलादी बंपर आणि विंच मिळून हे ५५ सहज ओलांडतात, आणि हे वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लोंबतं. पुढचं स्प्रिंग बसतं, नाक खाली येतं, ब्रेक लावल्यावर गाडी जास्त झुकते. कोन वाढवायला लावलेला बंपर अशा रीतीने थोडा कोन परत घेतो.

अडकलेली गाडी काढायला विंचच लागतो असंही नाही. चासीला कसलेला, भार लिहिलेला हुक, चांगला पट्टा, दोन शॅकल आणि सोबत दुसरी गाडी, एवढ्यावर बहुतेक चिखल पार होतो. मागच्या ट्रेलर बॉलला मात्र पट्टा कधी अडकवू नये. झटक्याने बॉल तुटतो आणि गोळीसारखा समोरच्या गाडीच्या काचेतून आत शिरतो. जगात अनेक माणसं अशी दगावली आहेत.

बसवल्यानंतर

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर प्लेटचे सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे, कारण नवीन रंगाचा थर दबतो आणि बोल्ट सैल होतात. खडखड आवाज येऊ लागला तर आधी हेच पाहायचं. पावसाळा संपला की एकदा प्लेट पूर्ण उतरवून वरची बाजू धुवायची. तिथे साचलेली लाल माती महिनोन्‌महिने ओली राहते आणि चासीला गंज लावते.

शिवाय प्लेट बसली की पार्किंगमध्ये फरशीवर पडणारा ऑइलचा डाग दिसेनासा होतो. गळती सुरू झाली तरी ऑइल प्लेटवरच साचत राहतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी, गाडी सपाटीवर आणि इंजिन गार असताना, ऑइलची पट्टी ओढून पातळी पाहायची, आणि मोठ्या सहलीहून आल्यावर टॉर्च घेऊन प्लेटच्या फटीतून वर एक नजर टाकायची.